जंतूंना औषधाची सवय होते का?

प्रश्न : एकच प्रतिजैविक वारंवार घेतले की जंतूंना त्याची ‘सवय’ होते, असे सर्रास म्हटले जाते. हे शास्त्राला धरून आहे का? विषाणूंचेही तसेच होते का?

उत्तर : ‘सवय’ हा शब्द बोलण्यात इतका रुळला आहे, की त्यातली चूक सहसा लक्षात येत नाही. जिवाणू औषधाला सरावत नाहीत. औषधाला दाद न देणारे मोजके जिवाणू बहुधा आधीपासूनच असतात आणि बाकीचे मेले की त्यांना रान मोकळे मिळते.

हे दाखवून देणारा प्रयोग मला फार देखणा वाटतो. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ साली तो प्रसिद्ध केला. बशीत जिवाणूंचा दाट थर वाढवून, ठोकळ्यावर ताणलेले निर्जंतुक मखमली कापड त्यांनी त्यावर अलगद दाबले आणि शिक्का उमटवावा तसे तेच कापड स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक मिसळलेल्या बश्यांवर टेकवले. जवळजवळ सगळे जिवाणू मेले. जे वाचले, त्यांच्या वसाहती मात्र निरनिराळ्या बश्यांवर त्याच त्या जागी उगवल्या. मूळ बशीतल्या नेमक्या त्या जागचे, औषधाचा स्पर्शही न झालेले जिवाणू घेऊन वाढवले, तेव्हा त्यांतही प्रतिकारक्षम जिवाणू सापडले. औषधाने काही शिकवले नव्हते, केवळ निवड केली होती.

असे जिवाणू आधी येतात कुठून? अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुभंगतो. त्या गतीने एकाचे दहा तासांत शंभर कोटींहून अधिक होतात, आणि इतक्या वेळा जनुकांची नक्कल करताना चुका होणारच. शिवाय प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवाटे एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी परक्या जातीच्या जिवाणूलाही, प्रतिकाराची जनुके तयारच देऊ शकतो. मला अधिक काळजी वाटते ती या देवघेवीची.

विषाणूंमध्येही निवडीचे तत्त्व हेच आहे, मात्र ते पेशीत शिरल्याखेरीज वाढू शकत नाहीत. फ्लूच्या विषाणूची जनुके आरएनएच्या आठ तुकड्यांवर असतात. नक्कल करताना झालेल्या चुका तो तपासत नाही, आणि दोन प्रकारचे विषाणू एकाच पेशीत शिरले तर त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळतात. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू माणसांतल्या व पक्ष्यांतल्या विषाणूंच्या अशाच सरमिसळीतून आले होते. येथे निवड करते ती बहुतांशी आपलीच प्रतिकारशक्ती, म्हणून फ्लूची लस वरचेवर बदलावी लागते.

प्रतिजैविकांचा मात्र विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही, कारण ती जिवाणूच्या ज्या भागांवर घाव घालतात, ते भाग विषाणूत नसतातच. साध्या सर्दीसाठी अशी गोळी घेतली, तर सर्दीचा विषाणू सुखरूप राहतो आणि निवड होते ती आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंची. त्यांच्यात टिकून राहिलेली प्रतिकाराची प्लास्मिडे पुढे एखाद्या खऱ्या रोगजंतूच्या हाती लागू शकतात.