महामारीचं प्रकरण ठेवायचं की काढायचं?

कंपनीचा आपत्कालीन आराखडा नव्याने लिहायला घेतलाय, तर त्यातलं 'महामारी' हे प्रकरण ठेवायचं की काढायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर काढा. पण त्याआधी एकदा वाचा. आपलं कुठे चुकलं होतं ते त्यातच सापडेल.

कोविडच्या काळात मी हेच काम करत होतो. आमची फाइल चांगली जाडजूड. आग, पूर, भूकंप, सर्व्हर बंद, सगळं होतं. पण पानोपानी गृहीत एकच: इमारत जाईल, माणसं राहतील. म्हणून पर्यायी जागाही घेऊन ठेवलेली. 2020 मध्ये झालं उलटंच. दोन्ही इमारती धडधाकट आणि जायला कोणी नाही. घरून काम सुरू करावं तर व्हीपीएनची (घरून कंपनीच्या यंत्रणेत सुरक्षितपणे शिरायची सोय) लायसन्स जेमतेम पाचव्या हिश्श्याला पुरतील एवढी. सगळ्यात फजिती झाली पगाराची. बँकेच्या मंजुरीसाठी लागणारं डिजिटल सहीचं टोकन ड्रॉवरमध्ये कुलूपबंद, किल्ली ज्यांच्याकडे ते स्वतः आजारी. सहीचा दुसरा अधिकारी कागदावर होता, पण तो वर्षभरापूर्वीच नोकरी सोडून गेलेला. (ते पान दरवर्षी तपासलं जायचं. निदान तशी टिक तरी होती.)

तेव्हापासून मी कारणांच्या याद्या करणं सोडलं. हातातून काय जाऊ शकतं एवढंच विचारतो: माणसं, जागा, यंत्रणा, पुरवठादार. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले. या नावाचं प्रकरण कोणाच्या फाइलमध्ये असणार होतं? 'सगळे संगणक एकदम गेले तर दुपारपर्यंत काय करायचं' हे पान मात्र असू शकतं.

साठा वाढवा, असा सल्लाही तुम्हाला मिळेल. बरोबर आहे, पण अर्धाच. जपानमधल्या 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने चिपांचा काही महिन्यांचा साठा ठेवायची व्यवस्था लावली होती. त्यामुळे 2021 च्या सुरुवातीला इतरांचे कारखाने अडले तेव्हा त्यांचं बरंच निभावलं. तरी त्याच सप्टेंबरमध्ये त्यांनाही उत्पादन 40 टक्क्यांनी कमी करावं लागलं. साठ्याने उसंत मिळते, तेवढीच.

आणि सराव घ्याल त्या दिवशी साहेबांना फोन बंद करून घरी बसवा. दोन राउटर विकत घ्यायची मंजुरी कोणी द्यायची, यावरच पहिल्या खेपेला आमचा दीड तास गेला होता.