नागपूरचा मे महिना आणि सिलिकॉन

प्रिय बेटा,

अर्धवाहकांच्या (सेमीकंडक्टरच्या) पी-टाइप, एन-टाइप या प्रकारांच्या व्याख्या पाठ आहेत पण डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा तो छोटा भाग, असा का वागतो ते उमगत नाही, असं तू लिहिलंस. मग व्याख्या थोडे दिवस बाजूला ठेव आणि तापमानापासून सुरुवात कर. आपल्या नागपुरात मे महिन्यात ते आयतंच मिळतं.

तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. शुद्ध सिलिकॉनचा मात्र घटतो. १८३३ साली फॅरेडेला सिल्व्हर सल्फाइडमध्ये असंच उलटं वागणं दिसलं होतं. तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन मुळातच भरपूर. उष्णतेनं अणू जास्त थरथरतात आणि इलेक्ट्रॉनची वाट अडते. सिलिकॉनचे चारही बाहेरचे इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बंधात गुंतलेले असतात. सुटायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात, आणि ते फार थोड्यांना मिळतात. तापमान चढलं की सुटणारे भराभर वाढतात. जर्मेनियममध्ये ०.६७ पुरतात. म्हणूनच १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा असला, तरी तापल्यावर त्यातून विजेची गळती फार होते; सिलिकॉन पुढे गेलं त्याचं हे एक मोठं कारण.

डोपिंगचं, म्हणजे सिलिकॉनमध्ये मुद्दाम किंचित दुसरं मूलद्रव्य मिसळण्याचं, गणित स्वतः करून बघच. एक घन सेंटिमीटर सिलिकॉनमध्ये सुमारे ५ × १०²² अणू, आणि खोलीच्या तापमानाला मोकळे इलेक्ट्रॉन जेमतेम १०¹⁰. आता दर कोटी अणूंमागे फॉस्फरसचा फक्त एक अणू मिसळ. त्याचा पाचवा इलेक्ट्रॉन बंधात मावत नाही, सहज सुटतो. मोकळे इलेक्ट्रॉन झाले ५ × १०¹⁵, म्हणजे पाच लाख पट! मला हे आजही विलक्षण वाटतं. चिपसाठी सिलिकॉन इतकं कमालीचं शुद्ध का लागतं, तेही इथंच कळेल. बोरॉनकडे एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणून तिथं होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, तयार होतात. फॉस्फरसवालं ते एन-टाइप, बोरॉनवालं ते पी-टाइप. बाकी हिशोब तोच.

आता काम. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) एक १एन४००७ डायोड आण. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून पहाटे व्होल्टेजचा आकडा घे, मग भर दुपारी गच्चीवर सावलीत. दर अंशामागे साधारण २ मिलिव्होल्ट कमी दिसायला हवेत. डायोड बोटांनी धरू नकोस, बोटांच्या तापमानानं आकडा बदलतो. क्लिप लाव आणि शेजारी थर्मामीटर ठेव. दोन्ही वेळचे आकडे मला पाठव, आणि व्होल्टेज कमी का झालं याचं कारण तुझ्या शब्दांत लिही. पुस्तक न उघडता.

तुझा,
सर