लाडा ही फियाटची ढापलेली कॉपी होती का?

प्रश्न असा आहे की रशियाची ती जुनी चौकोनी लाडा म्हणजे फियाटची ढापलेली कॉपी होती का, आणि तसं असेल तर ती एवढी वर्षं चालली कशी. ढापलेली अजिबात नाही हो, पैसे मोजून रीतसर करार केला होता. आणि कॉपी म्हणाल तर वरून बघितली की हो, खाली वाकून बघितली की नाही.

मी किर्गिझस्तानात बिश्केकला मेडिकलला होतो तेव्हा घरमालकाकडे ही गाडी होती, कोपेइका. मूळ मॉडेल व्हीएझेड २१०१ (व्हीएझेड म्हणजे ती बनवणारा व्होल्गा मोटार कारखाना), त्यातल्या शेवटच्या ०१ वरून लोकांनी ठेवलेलं नाव, कोपेक म्हणजे रुबलचा पैसा. तिच्या पुढच्या बंपरला मधोमध एक भोक होतं. मला वाटलं गंजून पडलंय. पण जानेवारीत एका सकाळी बॅटरी बसली तर त्या म्हाताऱ्या घरमालकाने डिकीतून हँडल काढलं, त्या भोकातून आत सरकवलं आणि आपल्याकडे जुन्या जीपला मारायचे तसं हँडल मारून गाडी चालू केली. मलाही शिकवलं, आणि पहिली गोष्ट काय सांगितली तर अंगठ्याने हँडलला विळखा घालायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा जातो. ते भोक इटलीच्या मूळ गाडीला नव्हतं, ते खास सोव्हिएत थंडीसाठी पाडलेलं.

तर झालं असं, साठच्या दशकात तिकडे सामान्य माणसाला गाडी मिळणं म्हणजे दिव्यच होतं, मोस्कविच आणि झापोरोझेत्स या देशी गाड्या होत्या पण त्या पुऱ्या पडत नव्हत्या. म्हणून ऑगस्ट १९६६ मध्ये फियाटशी करार झाला, गाडी घेतली फियाट १२४, जी पुढे १९६७ ची युरोपियन कार ऑफ द इयर ठरली. कारखाना व्होल्गाकाठी, आणि त्या गावाचं नावच तोल्याती, इटलीचे कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्याती १९६४ मध्ये वारले तेव्हा ठेवलेलं. आता कम्युनिस्टाच्या नावाचं गाव आणि त्यात भांडवलदाराचा कारखाना, हा योग म्हणायचा की काय ते तुम्हीच ठरवा.

खरी मजा पुढे आहे. इटलीहून आलेल्या गाड्या सोव्हिएत रस्त्यांवर पळवून बघितल्या तर त्यांचा पार खुळखुळा झाला, बॉडीला तडे जायला लागले. मग बदल सुरू झाले ते आठशेच्या वर गेले. मागचे डिस्क ब्रेक काढून ड्रम बसवले, कारण चिखलात पॅड भसाभस झिजायचे. गाडी जमिनीपासून उचलली, मागचं सस्पेन्शन नव्याने केलं, पत्रा जाड केला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे इंजिन. फियाट १२४ मध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, खाली होता, सोव्हिएत इंजिनिअर अडून बसले की आम्हाला वर पाहिजे, आणि फियाटला तसं १.२ लिटरचं इंजिन करून द्यावं लागलं. म्हणजे गिऱ्हाईकच दुकानदारापेक्षा हुशार निघालं.

पहिल्या सहा गाड्या १९ एप्रिल १९७० ला बाहेर पडल्या, कारण २२ तारखेला लेनिनची जन्मशताब्दी होती आणि त्याआधी काहीतरी दाखवायला हवंच होतं. नाव दिलं झिगुली, जवळच्या डोंगरांचं, पण ते बाहेरच्या लोकांना जिगोलोसारखं ऐकू यायला लागलं म्हणून निर्यातीसाठी लाडा. १९७३ संपायच्या आत दहा लाख गाड्या झाल्या. तरी रांग संपेना! किंमत साडेपाच हजार रुबलच्या आसपास आणि सरासरी पगार महिन्याला सव्वाशे, म्हणजे जवळपास चार वर्षांचा अख्खा पगार, आणि पैसे असले तरी कामाच्या ठिकाणच्या यादीत नाव लावून वर्षानुवर्षं थांबायचं. स्पेअर पार्ट तर बोलूच नका. आमचा म्हातारा २००० नंतरही गाडी लावली की वायपर उपसून घरात आणायचा, सोव्हिएत काळात वायपर चोरीला जायचे ती सवय हाताला लागलेली, आता कोण नेतंय असं बायको ओरडायची तरी.

कोपेइकाचं उत्पादन १९८८ पर्यंत चाललं, पण तिच्याच पोटातून २१०३, २१०६, २१०७ निघत गेल्या आणि शेवटची भावंडं रशियात २०१२ ला थांबली. सगळ्या मिळून एक कोटी सत्तर लाखांहून जास्त.

आणि हो, आपल्याकडेही तिची चुलत बहीण होती. कुर्ल्याच्या प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई काढली ती हीच बॉडी, फियाट १२४ ची स्पेनमधली सेआट आवृत्ती, फक्त आत निस्सानचं इंजिन. माझ्या काकांकडे होती, त्यामुळे बिश्केकला पहिल्यांदा कोपेइका बघितली तेव्हा मी ही इकडे कशी आली म्हणून उभाच राहिलो. पुढे घरून फोटो मागवून म्हाताऱ्याला दाखवला. त्याने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, बंपरचं भोक कुठंय? मी म्हटलं आमच्याकडे सोलापूरला थंडीच पडत नाही. ते काही त्याला पटलं नाही.