वैद्यकीय शब्दावली: सुरुवात कुठून करावी?

ऑनलाइन वर्गातली वैद्यकीय शब्दांची यादी बघून घाबरू नका. अख्खे शब्द पाठ करायला बसणं ही नव्यांची सर्वांत मोठी चूक. माझेही पहिले दोन आठवडे त्यातच गेले.

शब्द फोडायला शिका आणि अर्थ शेवटाकडून लावा. ‘गॅस्ट्रायटिस’मधलं ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘गॅस्ट्र’ म्हणजे जठर. ‘हेपॅट’ म्हणजे यकृत एवढं कळलं, की ‘हेपॅटायटिस’ तुमचा तुम्हीच सोडवाल. तो आनंद फार मोठा असतो! रोज आठ-दहा तुकडे पुरेत, पण कालचे आज पुन्हा बघायचेच.

इथे हमखास गडबड होते:

- ‘ऑटॉमी’ म्हणजे छेद घेणं, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ऑस्टॉमी’ म्हणजे शस्त्रक्रियेने शरीरात नवं छिद्र तयार करणं. हे तिन्ही एकत्रच शिका.
- ‘हायपर’ जास्त, ‘हायपो’ कमी.
- स्पेलिंग. ‘इलियम’ मधोमध ‘ई’ घालून लिहिलं तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, ‘आय’ घालून लिहिलं तर कमरेचं हाड.

मूत्रपिंडाला ग्रीक ‘नेफ्र’ आणि लॅटिन ‘रेन’ अशी दोन मुळं का, हे आत्ता सोडून द्या.

ऑनलाइन वर्गात आपला उच्चार कुणी ऐकत नाही, म्हणून प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणा आणि हाताने लिहा.