वॉरियर की कोमांची?

प्रश्न : निवृत्त झाल्यावर मुलाने कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० हा विमान उडवण्याचा खेळ टाकून दिला. त्यातलं सेस्ना १७२ हे विमान आता हातात बसलं आहे, पण त्यात सगळे डिजिटल पडदेच, काट्यांच्या तबकड्या नाहीत. मुलगा म्हणतो, ‘बाबा, एक चांगलं विमान विकत घेऊन देतो, कुठलं ते सांगा.’ जस्ट फ्लाइट कंपनीचं पायपर वॉरियर आणि ए-टू-ए कंपनीची पायपर कोमांची, या दोन्हींत अडलोय. रात्री जेवण झाल्यावर तासभर बसतो. जॉयस्टिक साधी, पण पिळता येणारी आहे.
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : काका, वॉरियर घ्या.

कोमांची वाईट म्हणून नव्हे. खरं तर दोन्हींत तीच सरस. पण तुमच्या रोजच्या तासाभरात ती मावायची नाही. इंजिनाची झीज, तेल, स्पार्क प्लगवर धरलेली काजळी, बॅटरी, सगळं आजच्या उड्डाणातून उद्याच्या उड्डाणात जसंच्या तसं पुढे येतं. थंड इंजिन दामटलंत की हिशेब नंतर चुकता करावाच लागतो. शिवाय बसण्याआधी विमानाला फेरी मारून एकेक गोष्ट तपासायची. रविवारी जुनी स्कूटर खोलून बसणाऱ्याला यात सुख आहे. त्यावर अडीचशे अश्वशक्ती, आत ओढली जाणारी चाकं आणि पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा आणखी एक दांडा. जेवणानंतर डोळे पेंगुळलेले असताना चाकं खाली घ्यायची राहिली की विमान पोटावर.

वॉरियरची चाकं कायम खालीच. इंजिन १६० अश्वशक्तीचं. आणि तुम्हाला हवे तसे काटे. फ्लॅपला, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपांना, बटण नाही. दोन सीटांच्या मधला लांब दांडा वर ओढायचा, १०, २५, ४० अंश अशा तीन खाचा. पण सेस्नावरून येणाऱ्याला खरा फरक जाणवतो तो पेट्रोलचा. सेस्नाच्या टाक्या डोक्यावरच्या पंखांत, पेट्रोल आपोआप खाली उतरतं, टाकी निवडायचा खटका ‘दोन्ही’वर ठेवला की विसरलात तरी चालतं. वॉरियरचे पंख खाली, म्हणून उड्डाण घेताना आणि उतरताना विजेचा पंप चालू ठेवायचा. आणि खटक्याला ‘दोन्ही’ हे घरच नाही. डावी टाकी, नाहीतर उजवी. दर अर्ध्या तासाने बदलली नाहीत तर एक पंख जड होत जातो, आणि शेवटी दुसरी टाकी भरलेली असूनही इंजिन बंद पडतं.

घेतल्यावर पहिल्यांदा इंदूरच्या उन्हात उडवा. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फुटांवर. सिम्युलेटरच्या हवामानात तापमान ४० अंश ठेवा. त्या विरळ हवेत विमान जणू ५,३०० फुटांवरून निघाल्यासारखं वागायला हवं. पूर्ण वजनाचं वॉरियर समुद्रसपाटीला मिनिटाला ६४० फुटांच्या आसपास चढतं. इथे मे महिन्याच्या दुपारी ३५०-४०० वर आलं पाहिजे. लाल मूठ जराशी मागे ओढून पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ केलंत की इंजिन सुधारतं का, तेही बघा. मग तापमान १० अंशांवर आणून पुन्हा उडा. दोन्ही वेळा सारखंच चढलं, तर आधी तुमची वजनाची आणि हवामानाची सेटिंग तपासा.

तुमच्या तासाला भोपाळपर्यंतचं उड्डाण अगदी बेताचं. धावपट्टी ०७ वरून उडालात की भोपाळ जवळपास नाकासमोरच, हवाई अंतर सुमारे १७० किलोमीटर, म्हणजे पन्नासेक मिनिटं. वाटेत टाकी एकदा बदलायची, तेवढंच काम. देवास डाव्या हाताला येतं. तिथली टेकडी नीट बघायची असेल तर मात्र वॉरियरचा पंख आड येतो. अशा वेळी सेस्नाच काढा. ती फुकट आहे, टाकून थोडीच द्यायची आहे!

पैसे भरण्याआधी मुलाला एकच बघायला सांगा : विमान तुमच्या २०२० च्या सिम्युलेटरसाठी आहे की नव्या २०२४ च्या आवृत्तीसाठी. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरसाठीचं चुकून घेतलं तर उपयोग नाही. किंमत पौंडात किंवा डॉलरमध्ये दिसेल; बँकेचे परकीय चलनाचे पैसे वर लागतात, ते धरून चला.

प्रश्न : आधी रडर (शेपटीचं सुकाणू) पायाने फिरवायचे पेडल घ्यावेत की सिम्युलेटरसाठी नवं विमान?
– टिळकनगर, इंदूर

उत्तर : जॉयस्टिक पिळता येत असेल तर रडर तिनेच फिरतो, म्हणून विमान. येत नसेल तर पेडल, कारण उड्डाण घेताना नाक डावीकडे पळतं आणि उजवा पाय दिल्याशिवाय सरळ राहत नाही. पेडलखाली रबरी चटई टाका, गुळगुळीत फरशीवर ते सरकतात. खुर्चीला चाकं असतील तर तीही अडवून ठेवा, नाहीतर ब्रेक दाबला की विमान जागेवर आणि तुम्ही मागे.