एफएसएक्समध्ये एआय विमानं (संगणक स्वतः चालवतो ती) टाकली आणि मुंबई विमानतळ रिकामाच झाला. कुठे चुकलं असेल?

तुम्ही लिहिलंय की इंडिगोच्या ए३२० चं एक पॅकेज फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये, म्हणजे एफएसएक्स या विमान उडवण्याच्या संगणक खेळात टाकलं, सगळ्या फाइली सांगितल्या तिथे ठेवल्या, ट्रॅफिकचा, म्हणजे किती एआय विमानं दिसावीत ते ठरवणारा, स्लायडर शंभरावर नेला, तरी मुंबईला एकही इंडिगो दिसत नाही. उलट आधी दिसायची ती ऑर्बिट आणि पॅसिफिका या खेळातल्याच काल्पनिक कंपन्यांची विमानंही गेली. हे शेवटचं वाक्य लिहिलंत ते फार बरं झालं, निम्मं उत्तर त्यातच आहे. तुमच्याकडे दोन वेगवेगळे बिघाड एकाच वेळी झालेत. ते एकत्र सोडवायला गेलात तर रात्र जाईल, म्हणून आधी एक, मग दुसरा.

मूळची विमानं जाण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. विमानांचं वेळापत्रक ज्या बीजीएल फाइलीत असतं, तिचे दोन प्रकार आहेत: आधीच्या एफएस २००४ या आवृत्तीच्या काळातला जुना आणि एफएसएक्सचा नवा. एफएसएक्सला दोन्ही वाचता येतात, पण एकत्र नाही. जुन्या प्रकारची एक जरी फाइल चालू सीनरीत (जमीन, विमानतळ वगैरेंच्या फोल्डरांत) सापडली, तरी नव्या प्रकारातलं सगळं ट्रॅफिक ते बाजूला टाकतं. मूळची विमानं नव्या प्रकारच्या फाइलीत आहेत, म्हणून ती गेली. तुमच्या पॅकेजमधली फाइल जुन्या प्रकारची असणार. टीटूल्स या जुन्या साधनाने बनवलेल्या सगळ्या फाइली तशाच असतात.

उपाय सोपा आहे. एआय फ्लाइट प्लॅनर नावाचं मोफत साधन घ्या. कुठली फाइल जुन्या प्रकारची आहे हे ते दाखवतं आणि नव्यात बदलूनही देतं. मात्र फक्त ‘सीनरी’, त्यात ‘वर्ल्ड’, त्यात पुन्हा ‘सीनरी’ एवढंच फोल्डर तपासून थांबू नका. माझ्याकडे हा प्रकार झाला तेव्हा मी तेच एक फोल्डर तीनदा चाळलं. दोषी फाइल निघाली एका मोफत विमानतळाच्या सीनरीत. तो विमानतळ मी कधीतरी टाकून विसरून गेलो होतो आणि त्याच्यासोबत त्याचं छोटंसं ट्रॅफिकही आलं होतं. सीनरी लायब्ररीत टिक असलेलं प्रत्येक फोल्डर बघा. संशय आलेली फाइल पुसू नका, तिच्या नावाचं शेपूट ‘बीजीएल’ऐवजी ‘ऑफ’ करा आणि सिम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू करा. ऑर्बिट परत दिसली की पहिला बिघाड मिटला.

आता इंडिगो. एफएसएक्स ऑक्टोबर २००६ मध्ये आलं आणि इंडिगोचं पहिलं उड्डाण त्याच वर्षीच्या ऑगस्टमधलं, त्यामुळे मूळ सिम्युलेटरमध्ये तिचं काहीच नाही. सगळं तुम्हालाच जुळवावं लागणार. एआय विमान दिसायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: विमानाचं नाव, फ्लाइटप्लॅन (म्हणजे त्याचं वेळापत्रक), वेळ आणि उभं राहायला जागा. एकही चुकली तरी सिम्युलेटर काही सांगत नाही, विमान फक्त येत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, आख्खं पॅकेज आधी बाजूला ठेवा. एकच विमान, एकच रंगसंगती आणि मुंबई-दिल्ली-मुंबई एवढाच फ्लाइटप्लॅन घ्या. तेवढं चाललं की बाकीचं टाका.

नावापासून सुरुवात करा. विमानाचं फोल्डर ‘सिमऑब्जेक्ट्स’मधल्या ‘एअरप्लेन्स’मध्ये हवं. त्यातली ‘एअरक्राफ्ट डॉट सीएफजी’ ही सेटिंग्जची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक रंगसंगतीसाठी ‘फ्लाइटसिम’चा एक विभाग असतो आणि त्यांना क्रमांक असतात: शून्य, एक, दोन. हे क्रमांक सलग हवेत. दोननंतर थेट चार आला तर पुढचं वाचलं जात नाही. त्या विभागात ‘टायटल’ची ओळ असते, आणि फ्लाइटप्लॅनमध्ये विमान याच टायटलने ओळखलं जातं. अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. एकाकडे ‘इंडिगो’नंतर एक मोकळी जागा आणि दुसरीकडे दोन, एवढ्याने विमान अडकलेलं मी पाहिलंय. डोळ्यांवर विसंबू नका, टायटल सीएफजीतून कॉपी करा आणि फ्लाइटप्लॅनमध्ये पेस्ट करा. सेव्ह करताना विंडोज आडवं आलं तर समजा की सिम्युलेटर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसवलेलं आहे. ते ‘सी’ ड्राइव्हवर सरळ स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवलेलं कधीही चांगलं.

वेळेपाशी तर आपल्याकडचे बहुतेक जण ठेचकाळतात. फ्लाइटप्लॅनमधल्या सगळ्या वेळा जीएमटीत असतात, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. मुंबईहून सकाळी सहाला निघणारं विमान फ्लाइटप्लॅनमध्ये ००:३० ला लिहायचं. मी पहिल्यांदा सकाळी आठचं विमान सरळ ०८:०० असं लिहिलं होतं. सिम्युलेटरमध्ये पावणेआठला जाऊन गेटसमोर कॅमेरा लावून बसलो, गेट रिकामं. ते विमान दुपारी दीडला निघणार होतं आणि मी त्या वेळेपर्यंत घड्याळ कधी पुढे नेलंच नव्हतं. पहाटेच्या विमानांना आणखी एक खोच आहे. सोमवारी पहाटे चारला आपल्याकडे सोमवार असला तरी जीएमटीत रविवारचे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. आठवड्याचा फ्लाइटप्लॅन असेल तर वारही एकाने मागे घ्यावा लागतो. एफएसएक्सच्या वेळेच्या खिडकीत स्थानिक वेळ आणि जीएमटी दोन्ही दिसतात, तिथेच ताळा करा.

प्रत्येक विमानाच्या ओळीत एक टक्केवारीही असते. तिथे ५० असेल आणि तुमचा स्लायडर ३० वर असेल तर ते विमान येणार नाही. तुमचा स्लायडर शंभरावर आहे, म्हणजे ही शंका मिटली. पण नंतर फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढवायला तो खाली आणाल, तेव्हा हे लक्षात ठेवा.

राहिली जागा. एफएसएक्समधली मुंबई जुनी आहे. २०१४ मध्ये सुरू झालेलं टर्मिनल २ त्यात नाही. पार्किंगच्या प्रत्येक जागेला त्रिज्या असते आणि विमानाला ती पुरावी लागते. ए३२० च्या पंखांचा पसारा सुमारे ३४ मीटर, म्हणजे १८ मीटर त्रिज्येची जागा हवी. बोइंग ७७७-३००ईआर चा पसारा जवळजवळ ६५ मीटर, त्याला ३३ च्या आसपास लागते. एअरपोर्ट डिझाइन एडिटर या विमानतळ बदलायच्या साधनात मुंबईचा कोड व्हीएबीबी टाकून उघडा, प्रत्येक जागेची त्रिज्या दिसेल. सीएफजीत ‘एटीसी पार्किंग टाइप्स’पुढे ‘गेट’ आणि ‘पार्किंग कोड्स’पुढे इंडिगोचा ‘आयजीओ’ लिहिलाय ना, तेही बघा.

जागा नसली की कशी खूण पटते ते सांगतो. विमान घाटकोपरच्या बाजूने येतं, धावपट्टी २७ वर छान उतरतं, वेग कमी करतं, बाजूला वळतं आणि डोळ्यांदेखत नाहीसं होतं. असं दिसलं तर नाव, प्लॅन, वेळ सगळं बरोबर आहे, फक्त पार्किंग वाढवा.

तुमच्याकडे एफएसएक्सची डिलक्स आवृत्ती असेल तर तिच्या एसडीकेमधला (सोबतच्या साधनांच्या संचातला) ट्रॅफिक टूलबॉक्स जरूर चालू करा. त्यातला एक्सप्लोरर आसपासचं प्रत्येक एआय विमान यादीत दाखवतो, ते झोपलंय की निघायच्या तयारीत आहे हेही दाखवतो. यादीत विमान आहे पण समोर नाही, तर वेळेचं किंवा जागेचं बघा. यादीतच नाही, तर टायटलपाशी परत जा.

विमान दिसू लागल्यावरच्या तक्रारी किरकोळ असतात. अंगावर रंग नसेल तर ‘टेक्श्चर’च्या फोल्डरचं नाव सीएफजीशी ताडून बघा. चाकं जमिनीत रुतलेली किंवा हवेत तरंगती असतील तर ‘कॉन्टॅक्ट पॉइंट्स’ विभागात ‘स्टॅटिक सीजी हाइट’ असते, ती फुटांत असते, अर्ध्या अर्ध्या फुटाने बदलत जा. आणि आपण स्वतः उडवतो तसली जड मॉडेलं एआयसाठी वापरू नका. कॉकपिट नसलेली, दूरवरून साधी होत जाणारी खास एआय मॉडेलं मिळतात. मुंबईसारख्या ठिकाणी गेटवर तीसेक विमानं उभी राहिली की फरक लगेच जाणवतो.

एवढी खटपट कशासाठी, असं घरचे विचारतात. माझ्याकडे जेट एअरवेजचा एक जुना प्लॅन आहे. ती कंपनी एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, किंगफिशर तर २०१२ मध्येच जमिनीवर आली होती. मी पश्चिमेचा वारा लावतो, संध्याकाळी साडेसहाची वेळ ठेवतो आणि धावपट्टी २७ च्या तोंडाशी कॅमेरा नेऊन ठेवतो. थोड्या वेळाने जेटचं ७३७ दिवे लावून उतरतं, त्याच्या मागे लाल किंगफिशर.