यात्रेचा रस्सा, उरलेला भात आणि उन्हाळा

प्रश्न (खानापूर तालुका): गावच्या यात्रेत दुपारी केलेले मटण मोठ्या पातेल्यात रात्रभर झाकून ठेवले आणि सकाळी कोमट करून खाल्ले. वास, चव चांगली होती. तरीही संध्याकाळी घरातल्या पाच जणांना पोटात कळा येऊन जुलाब लागले. असे कसे झाले?

उत्तर: अन्न आंबवणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू बहुधा वेगळे असतात, म्हणून वासावर विसंबता येत नाही. उलटी किंवा ताप फारसा नसेल, तर तुमच्या वर्णनावरून क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचा संशय येतो; त्याचा त्रास 6 ते 24 तासांत सुरू होतो. त्याचे बीजाणू, म्हणजे जिवाणूची कवचातली सुप्त रूपे, शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात, आणि भरलेले पातेले सावकाश निवत असताना मध्यभागी जी ऊब तासन्‌तास राहते तिच्यात त्यांतून जिवाणू झपाट्याने वाढतात. उरलेला रस्सा पसरट, लहान भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. हवा 32 अंशांच्या वर असेल, आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी ती असतेच, तर एका तासात. यात्रेच्या घरी फ्रीजमध्ये जागा नसते हे मी जाणतो. अशा वेळी जेवण गरम असतानाच शेजारीपाजारी वाटून टाकावे. खाण्यापूर्वी रस्सा खळखळून उकळावा, नुसता कोमट करू नये.

प्रश्न (निपाणी): मग उकळले की भीती उरत नाही ना?

उत्तर: दुर्दैवाने उरते. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस, तर वाढणाऱ्याच्या हातावरील जखमेतून बासुंदीत किंवा खव्याच्या मिठाईत गेलेला स्टॅफिलोकोकस, अन्नातच विष तयार करून ठेवतात. उकळल्याने जिवाणू मरतात, पण हे विष टिकते आणि खाल्ल्यावर साधारण 1 ते 6 तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देण्याची सवय उन्हाळ्यात तरी सोडावी, असे मी आग्रहाने सांगतो. हाताला जखम असलेल्याने स्वयंपाकाला हात लावू नये.

प्रश्न (बेळगाव): डॉक्टरांकडे केव्हा जावे?

उत्तर: शौचातून रक्त, 102 अंशांवर ताप, पाणीही न ठरणे, लघवी फार कमी होणे किंवा तीन दिवसांहून अधिक जुलाब, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच जावे; तान्ही मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्या बाबतीत त्याआधीच. तोवर जलसंजीवनी घोट-घोट पाजावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. जुलाब थांबवणारी गोळी मुलांना आपल्या मनाने देऊ नये.